उघड्या डोळ्यांचा घास

गोजराबाईनं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं ढेकूळ उचललं आणि निंबाच्या फांदीवर बसलेल्या सरड्याला नेम धरून हाणलं. ढेकूळ फांदीवर फुटलं आणि माती तिच्याच डोक्यावर पडली. सरडा जागचा हलला नाही. त्याच्या तोंडात नुकताच पकडलेला टोळ होता, टोळाची एक तंगडी बाहेर लाथा झाडत होती, आणि सरड्यानं आपले फुगीर डोळे आत ओढून गच्च मिटले होते.

“पाह्य कसा डोळे मिटून गिळून राह्यला!” पदर झटकत ती ओरडली. “चोराचं असंच असते. आपण डोळे मिटले का त्याले वाटते, सारं जगच आंधळं झालं.”

ऐकायला तिच्या बाजूला कोणी नव्हतं. तिचा नवरा चंपत दूर वांग्यांच्या ओळीत खुरपत होता, आणि बायकोचा आवाज चढला की मान आणखी खाली घालायची ही त्याची जुनी सवय होती. बोलणं होतं ते निंबाच्या पलीकडे जेवत बसलेल्या रत्नमालासाठी, तिच्या धाकट्या जावेसाठी. ढेकूळ चुकलं, पण बोलणं बरोबर जागेवर बसलं. रत्नमालाचा हात डब्यात क्षणभर थांबला.

जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. या दोघींचा दावा उभा होता, आडवा होता आणि तिरपाही होता. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर वाटली, बैल वाटले, सासूची तांब्याची भांडी वाटली. निंब तेवढा बरोबर धुऱ्यावर उभा, आणि दोन्ही वावरांत मिळून दुपारची सावली तेवढीच. म्हणून दोघी रोज त्याच बुंध्याला टेकून, एकमेकींकडे पाठ करून जेवत. एकीच्या डब्यात काय आहे ते दुसरीला वासावरून कळायचं, आणि कळलं याचाही राग यायचा. अलीकडे मात्र गोजराबाई पाठ करून बसत नव्हती. ती जरा कड बदलून बसायची, म्हणजे जावेचा अर्धा चेहरा दिसायचा. पाळत ठेवायची तर चोराचं तोंड दिसायला नको का?

“मोठीमाय, चोर नाई तो.”

हे बोलली निकिता, रत्नमालाची पोरगी. वाशीमच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकत होती आणि सुट्टी असली की आईसोबत वावरात यायची. “टोळाच्या तंगडीले काटे असतेत. खाता खाता डोळ्याले लागू नये म्हणून सरडा डोळे आत घेते. लय जनावरं करतेत तसं. बेंडूक तर डोळ्यानंच घास खाली लोटते.”

“डोळ्यानं घास लोटते?”

“व्हय. त्याले आपल्यासारखं चावता येत नाई. गिळताना तो डोळे आत दाबते, मंग घास घशात सरकते.”

गोजराबाई एवढ्या मोठ्यानं हसली की चंपतनं खुरपं थांबवून पाहिलं. “वा गं वा! उद्या म्हणशीन, मांजर डोळे मिटून दूध पेते तेबी डोळे दुखतेत म्हणून. कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय? बरं झालं. चोराले वकील लागत होता, तो घरातच तयार झाला.”

निकिता ताडकन उठली. रत्नमालानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. ताकात कुस्करलेली भाकर तिनं बोटांनी आणखी कुस्करली, चिमणीच्या चोचीएवढा घास तोंडात घातला आणि डोळे गच्च मिटले.

“पाह्यलं?” गोजराबाई वर पाहून सरड्याला म्हणाली.

चोरी झाली होती पंपाच्या केबलची. बोअर गोजराबाईच्या वावरात, केबल तिची, वांग्यांचा प्लॉट तिचा. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चंपत आणि ती एका लग्नाच्या बोलणीसाठी मालेगावला गेली होती. परत येऊन पाहतात तर स्टार्टरच्या पेटीपासून बोअरपर्यंतची केबल कुणीतरी विळ्यानं कापून नेलेली. त्या दिवशी त्या बाजूला रत्नमालाशिवाय कोणी नव्हतं. गोजराबाईला एवढा पुरावा पुष्कळ होता. त्यात तिनं जावेला जेवताना पाहिलं. घास तोंडात गेला की रत्नमालाचे डोळे मिटत, कपाळाला आठ्या पडत, मान जरा पुढं येई. आधी कधी ती अशी जेवत नव्हती. म्हणजे चोरी केल्यापासूनच जेवत असणार! कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे गोजराबाईला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तिनं सांगणाऱ्यालाच पिवळं केलं असतं.

रत्नमाला वाळली होती, हेही तिच्या ध्यानात आलं होतं. पोलकं खांद्यावरून उतरत होतं, गालाची हाडं वर आली होती. “जळून जळून चिपाड झाली,” असं ती बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या बायांना सांगत असे. ताकात भाकर कुस्करून म्हातारीसारखा काला करून खाते, हेही तिनं सांगून झालं होतं. चोरीचं अन्न अंगी लागत नाही म्हणतात, ते हेच.

चंपतनं एकदाच तोंड उघडलं. “मी म्हणतो, नवी केबल आणून टाकू. वांगे वाळून राह्यले.”

“नवी आणली का जुनी पचली तिले,” गोजराबाई म्हणाली. “वाळू दे. गावासमोर तिच्या तोंडून निघाल्याबिगर माह्या बोअरले केबल लागणार नाई.”

वांग्यांनी माना टाकल्या, तरी तिनं टाकली नाही. वाटलेल्या विहिरीवर आपल्या पाळीला मिळेल तेवढं पाणी ती डोक्यावरून घागरींनी आणून घालत होती आणि प्रत्येक घागरीबरोबर धुऱ्यापलीकडं एक शिवी घालत होती. शेवटी रत्नमालाचा नवरा रामकिसन, जो भाजीचा ऑटो घेऊन रोज वाशीमला जायचा आणि भावजयीसमोर शक्यतो यायचाच नाही, तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, बाजारात तोंड दाखवाले जागा ठेवली नाई तुमी आमाले. काय पाहिजे तुमाले?”

“मारुतीपुढं घास उचलाले लाव तिले,” गोजराबाई म्हणाली.

गावाची ही जुनी रीत. ज्याच्यावर आळ आहे त्यानं शनिवारी मारुतीसमोर उभं राहायचं, कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा मीठ लावलेला घास तोंडात घालायचा, आणि देवाच्या डोळ्यांत पाहत, पापणी न पाडता, पाण्यावाचून तो गिळायचा. डोळे मिटले किंवा घास बाहेर आला, तर चोर. घास उतरला, तर ज्यानं आळ घेतला त्यानं भरल्या गावात आळ आलेल्याचे पाय धरायचे, मग तो वयानं लहान असो की मोठा. आळ आपणहून मागं घेतला तरी तेच. हल्ली घास कोणी उचलत नव्हतं. पण रीत मेली नव्हती, नुसती झोपली होती, आणि गोजराबाईनं तिला पाणी मारून उठवलं.

धाकट्या जावेचे पाय धरायचे, या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला. त्यापेक्षा विहीर बरी. पण तशी वेळ येणारच नव्हती. जी बाई ताकातला काला डोळे मिटून गिळते, ती कोरडी भाकर डोळे उघडे ठेवून काय गिळणार! शुक्रवारी संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं भाकर थापली, तव्यावर चांगली कडक होऊ दिली आणि रात्रभर उघडी ठेवली.

शनिवारी मारुतीच्या पारावर गाव जमलं. रामराव, जे देवळाची किल्ली सांभाळत आणि गावात कोणाचंही भांडण झालं की मध्ये बसवले जात, ते सकाळपासून कुरकुरत होते.

“हे असं काही आता चालत नाई बरं. कायदा हाय. कोणी व्हिडिओ काढू नका, नाईतर मले घेऊन जातीन.” मग ते रत्नमालाकडे वळले. “बाई, तुह्यी राजी हाय ना? कोणाची जबरदस्ती नाई.”

“राजी हाय,” रत्नमाला म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. “भाकर थोडी ताकात भिजवली तं चालते काय?”

लोक हसले. गोजराबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. “देवापुढं ताक पाहिजे काय तुले? तूप-साखर आणू काय?”

“डोळे मिटाचा अन् चोरीचा काय संबंध हाय?” निकिता मध्ये आली. “आईले काहून छळून राह्यले तुमी सारे?”

“निके, गप,” रत्नमाला म्हणाली. “आज नाई म्हटलं का जल्मभर चोर.”

रीतीप्रमाणं आळ घेणारी देवाच्या बाजूला उभी राहते, म्हणजे गिळणाऱ्याचा चेहरा तिला समोरून दिसतो. गोजराबाई उभी राहिली. दोघींत हातभराचं अंतर होतं. वाटण्या झाल्यापासून तिनं जावेला समोरासमोर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती. रत्नमालानं घास उचलला, मिठात टेकवला, तोंडात घातला.

ती चावत राहिली. खूप वेळ चावत राहिली. कोणीतरी मागून म्हणालं, “आज उपवास सोडते का नाई?” आणि दबकं हसू पसरलं. मग तिनं गिळायला घेतलं. डोळे मिटायला आले, तसे तिनं डाव्या हाताची दोन बोटं कपाळाला लावून पापण्या वर ताणून धरल्या. डोळे लाल झाले, पाण्यानं भरले, गालांवरून पाणी ओघळू लागलं, पण नजर देवाकडे. मान पुढं आली. गळ्यातली घाटी वर चढली आणि तिथंच थांबली. खाली येईना.

गोजराबाईच्या मनात आनंदाची उकळी फुटली होती, ती अर्ध्यावर थांबली. ताणलेल्या गळ्याच्या डाव्या बाजूला, पदराच्या काठाखाली, कातडीच्या आत सुपारीएवढं काहीतरी होतं. घाटी वर गेली की ते दिसे. घाटी थांबली, तेव्हा तेही तिथं थांबलं होतं.

कामरगावला तिचा बाप शेवटच्या वर्षी असाच जेवायचा. प्रत्येक घासाला डोळे मिटायचा, मान पुढं काढायचा. म्हातारा देवाचं नाव घेऊन जेवतो, असं सगळे म्हणायचे. गोजराबाई माहेरी गेली की तीही म्हणायची, आणि भाकर मऊ का करत नाहीस म्हणून भावजयीशी भांडायची. मग घास जाईना, पेज जाईना, शेवटी पाणीही नाकातून परत येऊ लागलं. तेव्हा कुठं त्याला वाशीमला आणलं. डॉक्टरनं गळ्याला हात लावला आणि विचारलं, इतके दिवस काय करत होते तुम्ही? त्याचं उत्तर त्या घरात आजपर्यंत कोणाला देता आलेलं नाही. बेडकाचं ती पोरगी काय म्हणाली होती? घास जात नाही म्हणून डोळ्यांनी लोटतो.

गोजराबाईला दया आली म्हणावं, तर ते खोटं होईल. तिला संताप आला. इतक्या दिवसांनी जाऊ हातात सापडली होती, गाव गोळा झालं होतं, भाकर कडक झाली होती, आणि या बाईनं ऐन वेळी हे गळ्यात काढून ठेवावं! कोणाला दाखवलंही नसेल. नवऱ्याला सांगितलं नसेल, शिकलेल्या पोरीला सांगितलं नसेल. मिजास! मरेल, पण सांगणार नाही. आता ती खोकेल, घास बाहेर येईल, गाव चोर म्हणेल आणि ती घरात जाऊन तोंड झाकून बसेल. दवाखान्याचं नाव काढायला मग कोण उरणार होतं तिच्या दाराशी?

रत्नमालाच्या छातीतून एक कोरडी उबळ आली. बोटं पापण्यांवरून घसरू लागली.

“थांबा!” गोजराबाई ओरडली. “थुंक गं ते. केबल सापडली.”

पारावरचे लोक पुढं सरकले. रत्नमाला वाकली आणि खोकत खोकत घास हातात घेतला. निकितानं धावत जाऊन तिला धरलं.

“कवा सापडली?” रामरावांनी विचारलं.

“सकाळी. आमच्याच बैलांच्या कोठ्यात, कुटाराच्या ढिगाखाली.”

“अन् हे आत्ता सांगून राह्यल्या तुमी?”

“आत्ता आठवलं.”

कोणाचाही विश्वास बसावा असं ते उत्तर नव्हतं. लोक चंपतकडे पाहू लागले. कोठ्यातलं कुटार त्यानं सकाळी स्वतः बैलांना घातलं होतं, आणि त्याखाली जमिनीशिवाय काही नव्हतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. गोजराबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

“व्हय,” चंपत म्हणाला. “सापडली.”

मग मात्र गाव सुटलं. बाया तोंडाला पदर लावून कुजबुजू लागल्या, पुरुष उघड हसू लागले. एवढा बोभाटा केला, बाजारभर डांगोरा पिटला, आणि केबल स्वतःच्या कोठ्यात! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. रामकिसन दात खाऊन म्हणाला, “आता रीत होऊन जाऊ द्या, रामरावकाका. लय सोसलं आमी.”

“वहिनी, तुमाले माहीत हाय,” रामराव जरा संकोचानं म्हणाले.

गोजराबाईनं पदर खोचला. ती वाकली, मग खालीच बसली. धाकट्या जावेचे पाय भेगाळलेले होते, बोटांत वावरातली माती होती. रत्नमालानं पाय मागं घ्यायला पाहिलं, पण तोवर गोजराबाईनं घोटा पकडला होता, आणि तिची पकड घागरी वाहणाऱ्या बाईची होती.

“केबल तूच नेली,” खाली मान घालून ती पुटपुटली. वरच्या गलक्यात ते रत्नमालाशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही. “मले पक्कं माहीत हाय.”

“म्या नाई नेली,” रत्नमाला तेवढ्याच हळू म्हणाली. तिला अजून धाप लागली होती.

“नेली. ते पाहू मंग. किती दिवस झाले गळ्यातल्या त्या गाठीले?”

रत्नमालाचा पाय ताठ झाला. “कोणती गाठ?”

“मले शिकवू नको. माह्या बापाले होती. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं वाशीमले चालाचं. मोठ्या दवाखान्यात.”

“तुह्यासंगं?”

“माह्यासंगं. तुह्या नवऱ्याले सांगितलं तं तो भाजी उतरवून मंग पाहू म्हणीन.”

“मी नाई येत. सोड पाय.”

“येतो म्हण.”

“लोक पाहून राह्यले. सोड.”

लोक खरंच पाहत होते. हसणं हळूहळू थांबलं होतं. थोरली जाऊ एवढा वेळ धाकटीचे पाय धरून बसलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, काही झालं तरी बाई मनाची मोठी, पस्तावा झाला तिला. रामकिसनला अवघडल्यासारखं झालं आणि तो दुसरीकडे पाहू लागला.

“झालं वहिनी,” रामराव म्हणाले. “देवानं पाह्यलं. इतके पाय धराची रीत नाई. उठा आता.”

गोजराबाई उठली नाही. तिनं दुसरा हातही घोट्याभोवती घातला आणि मान खाली ठेवूनच पुन्हा म्हणाली, “येतो म्हण, रत्ने.”

रत्नमालानं तिच्या पिकत चाललेल्या भांगाकडे पाहिलं. मग तिनं मुठीतला तो ओला घास पारावरून खाली टाकला, हात लुगड्याला पुसला आणि मान हलवली. तेव्हा कुठं गोजराबाईनं घोटा सोडला.